उघड्या बोटाचा ठसा

९ जून, सोमवार. जेवणाच्या सुट्टीत.

प्रिय दादा,

इतके महिने गप्प राहिले, त्याबद्दल आधी माफ कर. तुझे फोन आले तेव्हा मी आंघोळीला गेले होते, झोपले होते, फोन दुसऱ्या खोलीत राहिला होता, असं तुझ्या मेहुण्यांनी तुला सांगितलं असेल. ते मीच त्यांना सांगायला लावलं. खरं म्हणजे फोन बहुतेक वेळा माझ्या हातात असायचा. 'दादा' अशी अक्षरं उमटायची आणि ती मावळेपर्यंत मी बघत बसायचे.

ज्या माणसाने कमरेच्या हाडात सुया खुपसून घेऊन आपला बोनमॅरो मला दिला, त्याचा फोन मी घेत नाही. हे वाक्य लिहून पाहिलं. वाईट दिसतं. खोडत नाही.

पत्र अशासाठी, की फोनवर तू पहिल्याच दमात विचारतोस, "काय काटेकोर, ठणठणीत ना?" आणि मला "हो" म्हणावं लागतं. पत्रात निदान उत्तर देण्याआधी थांबता येतं.

तर, ठणठणीत आहे. अंग भरलंय. केस आले, ते आधीपेक्षा कुरळे आले. तुझी भाची म्हणते, हे तर मामाचे केस. रक्तगटही तुझा झालाय, आता आणखी काय काय तुझं निघतंय ते बघायचं. रागीटपणा आला तर सांगेन. दर तीन महिन्यांची तपासणी चालू आहे. सगळं व्यवस्थित.

एक गंमत सांगते. माझ्या उपचारांत लहानपणी घेतलेल्या सगळ्या लशींचा परिणाम पुसला गेला, म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागल्या. थंडीतली गोष्ट. लसीकरणाच्या खोलीबाहेर बाकावर तीन आया, त्यांची तीन तान्ही बाळं आणि मी. भिंतीवर जिराफ काढलेला. नर्सने दार उघडलं, माझं कार्ड बघितलं आणि विचारलं, "बाळ कुठंय?"

मी म्हटलं, "मीच."

नर्स हसली नाही. शेजारची आई मात्र अशी हसली की तिच्या मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. सुई टोचून झाल्यावर नर्सने सवयीने माझ्या दंडावर फुंकर घातली आणि म्हणाली, "शहाणं गं बाळ." घरापर्यंत मी हसत आले. जिन्यात आले आणि रडू फुटलं, ते कितीतरी वेळ थांबेना. का, ते अजून कळलेलं नाही.

कामावर रुजू झाले त्या दिवशी मॅडमनी छोटा समारंभ केला. फुलं, केक, भाषण. "आपल्या या मैत्रिणीनं मरणाला परत पाठवलं" वगैरे. मग मला बोलायला लावलं. मी म्हणाले, आजाराने मला जगण्याची किंमत कळली, आता प्रत्येक सकाळ भेट मिळाल्यासारखी वाटते. टाळ्या झाल्या. शेजारच्या टेबलावरचे नाना, ज्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं काम करते, ते रुमालाने डोळे पुसत होते.

दादा, मला एकही सकाळ तशी वाटत नाही. डोळे उघडले की आधी मी मानेला गाठ आहे का ते चाचपते. मग पांघरुणातच राहावंसं वाटतं. सगळ्यांनी एवढं केल्यावर असं तोंड पाडून बसायची लाज वाटते, म्हणून मी उठते, डबा भरते, हसते.

हे तुला लिहायचं नव्हतं. पेनाने लिहिलंय, आता राहू दे. वहिनींना नमस्कार.

तुझी,
काटेकोर


२२ जून, रविवार. दुपार.

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं पत्र पहिल्यांदाच बघितलं. "पंधरा दिवसांत गाडी शिका" हे उलट्या अक्षरांत तुझ्या ओळींमधून दिसत होतं.

बाकी कशाबद्दल एक अवाक्षर नाही आणि लिहितोस काय, तर अक्षर का बिघडलं. "माझ्या वह्यांवर तू नावं घालायचीस ती छापल्यासारखी दिसायची. हे अक्षर माझ्या नव्या पोरांच्या हातातल्या गाडीसारखं एका बाजूला ओढतंय. हाताला काय झालंय?"

काही झालेलं नाही. पेन खराब होतं. नवीन घेतलंय. तुला एवढ्या लांबून शेरे मारायची हौस आहे.

मागच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो मागितला आहेस. फाईल कपाटावर ठेवली आहे, स्टूल घेऊन काढावी लागेल. काढते सवडीने. "रक्त माझं आहे, मला बघू दे" हे वाचून मला हसू यायला हवं होतं.

आमच्याकडे काय गोंधळ झालाय तो सांगते, म्हणजे पत्र निव्वळ भांडणाचं होणार नाही. तुला माझं काम कधी नीट सांगितलंच नाही. दुकानांची, औषध कारखान्यांची वजनं आमच्या प्रयोगशाळेत येतात. आमच्याकडे प्रमाण वजनं असतात, त्यांच्याशी ती ताडून बघायची. प्रमाण वजन काचेच्या झाकणाखाली असतं आणि ते उघड्या हाताने कधीही धरायचं नाही, हा आमचा पहिला धडा. बोटाला तेल असतं, घाम असतो, तो धातूवर राहतो आणि त्याचंही वजन भरतं. तुमच्या भाजीवाल्याला त्याने काही फरक पडत नाही, आम्हाला पडतो. म्हणून आधी हातमोजे, मग झाकणाला हात.

बुधवारी मॅडमनी किलोचं प्रमाण वजन बाहेर काढलं, तर त्यावर धुरकट डाग. बोटाचा. अर्धवट, पण बोटाचाच. सगळं काम बंद झालं. त्या वजनाशी ताडून जे जे बाहेर पाठवलं ते परत मागवायचं ठरलं. आता ते वजन धुवायचं, काही दिवस तसंच ठेवून स्थिरावू द्यायचं आणि वरच्या प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवायचं.

मॅडमनी सगळ्यांना उभं केलं आणि बघितलं मात्र नानांकडे. नाना टेबलावर बिस्किटं खातात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावरून आधी दोनदा बोलणी बसली आहेत.

"नाना, तुमचा हात?"

"मॅडम, बिस्किट वेगळं आणि वजन वेगळं. एवढं मला कळतं हो."

"मग कुणाचा?"

"मला काय माहीत? माझा नाही." मग हळूच: "नसणार."

मी समोरच उभी होते. कुणी मला विचारलं नाही. माझ्याबद्दल कुणाला शंका येणं शक्यच नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून कधी काही झालेलं नाही आणि त्यात मी आजारातून उठलेली. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

नानांनी त्या दिवसापासून टेबलावर खाणं बंद केलंय. डबासुद्धा बाहेर जिन्यात बसून खातात.

बघ, अक्षर सुधारलंय की नाही?

तुझी,
काटेकोर


२७ जून, शुक्रवार. ऑफिस सुटल्यावर, तिथेच.

दादा,

काल ऑफिसच्या फोनवर तू बोललास आणि मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. माझा आवाज तू ओळखलास हे मला माहीत आहे. त्या फोनवर नाव दिसत नाही, म्हणून तू मला पकडलंस. तू एवढंच म्हणालास, "पेन नवीन घेतलंस ना? मग अक्षर जुनंच कसं?"

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहिण्याआधी मी ती ओळ चार वेळा वेगळ्या कागदावर गिरवली होती. तरी तुला फसवता आलं नाही.

आता सरळ लिहिते.

माझ्या बोटांची टोकं बधिर आहेत. औषधांमुळे. पहिल्या औषधांनंतर सुरू झालं, डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू जाईल, गेलं नाही तर आम्हाला सांगा. गेलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सगळ्या बोटांवर सतत काहीतरी चढवल्यासारखं वाटतं. पातळ रबराचं. आमच्या हातमोज्यांसारखं.

तुला कळलं ना?

त्या दिवशी मी झाकण काढलं आणि वजन उचललं, तेव्हा माझ्या बोटांना हातमोजे जाणवत होते. ते मला चोवीस तास जाणवतात. वजन जागेवर ठेवून मी खाली बघितलं, तर हातमोजे टेबलावर पडलेले, एकावर एक. मी झाकण लावलं. डाग पुसला नाही, कारण पुसायला पुन्हा हात लावावा लागला असता, आणि डाग फार दिसत नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. मग वहीत रोजच्यासारखी सही केली. वाकडी.

म्हणजे मॅडमनी सगळ्यांना उभं केलं तेव्हा कुणाचा हात ते मला माहीत होतं. "बोलण्यासारखं काही नव्हतं" असं तुला लिहिलं ते खोटं.

आणखी आहे. एकदा सुरुवात केलीच आहे तर.

तपासणीला मी गेलेले नाही. शेवटच्या दोन्ही वेळा नाही. आधी तुझे मेहुणे बरोबर यायचे, मग मीच म्हटलं, तुमच्या रजा किती वाया घालवणार, जाते मी एकटी. त्यांना मला धीट झालेलं बघून बरं वाटलं. मी घरातून उपाशीपोटी निघायचे. हॉस्पिटलच्या एक चौक अलीकडे एक बँक आहे. तिथे थंड असतं आणि खुर्च्या आहेत. मशिनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि बसायचं. माझा नंबर काचेवर लागायचा, घंटी वाजायची, मी उठायचे नाही. तो गेला की दुसरी चिठ्ठी. दुसऱ्या खेपेला पहारेकऱ्याने विचारलं, "ताई, तुमचं नक्की काम काय आहे?" मी म्हटलं, "जरा बसते." तो म्हणाला, "बसा की. पण मग चिठ्ठ्या का काढताय?"

मग औषधाच्या दुकानातून कापूस आणि चिकटपट्टी घ्यायची, आणि तिथल्याच आरशात बघून कोपराच्या खळग्यात नीट चिकटवायची. संध्याकाळी तुझे मेहुणे ती पट्टी सोडवायचे. केस ओढले जाऊ नयेत म्हणून कोपऱ्यापासून, फुंकर मारत. "दुखतंय का?" असं विचारत. मी म्हणायचे, "थोडं."

हे लिहिताना मला खोली सोडून जावंसं वाटतंय. पण पत्र मीच लिहितेय, जाणार कुठे?

का गेले नाही, हे मी स्वतःला खूप विचारलं. भीती, हे उत्तर खरं आहे पण पुरतं नाही. रिपोर्ट वाईट आला तर तुला सांगावं लागणार, की एवढ्या लांबून येऊन, पालथा पडून जे दिलंस ते माझ्याकडे टिकलं नाही. तुला सुईची केवढी भीती! लहानपणी तू लशीच्या दिवशी पलंगाखाली लपायचास आणि मी तुझा पाय धरून ओढायचे. तोच तू त्या दिवशी शुद्धीवर आल्यावर म्हणालास, "घे, तुझ्या नावावर अर्धा दादा." त्याचं मी काय केलं म्हणून सांगू?

पण याहून लाजेची गोष्ट दुसरी आहे. रिपोर्ट चांगला आला तर? मग सगळे पुन्हा आनंदी होणार, आणि मला आणखी तीन महिने आनंदी दिसावं लागणार. बँकेतल्या त्या खुर्चीवर मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटत होती, तर त्या दुसऱ्या रिपोर्टाची. जगलेल्या बाईने असं म्हणावं का? मी रोज सकाळी मान चाचपते असं लिहिलं होतं ना, तेही अर्धंच. माझ्या बोटांना गाठ लागली तरी कळणार नाही. हे माहीत असून चाचपते आणि "काही नाही" म्हणून उठते.

नाना आज माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही बारकाईनं बघता, म्हणून विचारतो. माझं हल्ली विसरणं वाढलंय का हो? खरं सांगा."

मी म्हटलं, "नाही, नाना."

"मग मी ते वजन धरलं आणि मला आठवत नाही, असं होईल का? घरी सांगितलं, तर ही म्हणते डॉक्टरला दाखवू. सोमवारची वेळ घेतलीये."

दादा, ते डोक्याच्या डॉक्टरकडे निघालेत. माझ्या बोटासाठी.

हे पत्र आता जाता जाता टाकते. पुन्हा वाचलं तर टाकणार नाही.


१ जुलै, मंगळवार. संध्याकाळ.

दादा,

हे पत्र टपालाने जाणार नाही. तुझी गाडी पहाटे येते. तू आलास की तुझ्यासमोर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते. उद्याची तपासणीची वेळ घेतली आहे, मी आत गेले की बाहेर बसून वाच. मोठ्याने वाचू नकोस, तुला सवय आहे.

मागचं पत्र टाकलं आणि शनिवारी सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. सोमवारच्या आत बोलायला हवं होतं, नानांची वेळ सोमवारची होती. मी सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बोटांना कळत नाही, हे कधीपासून?"

"रुजू झाले त्याच्या आधीपासून."

"म्हणजे समारंभाच्या दिवशी पण?"

"हो."

मला वाटलं आता "तुम्ही केवढ्या आजारातून उठलात" असं काहीतरी म्हणतील. नाही म्हणाल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांचं लेखी येईपर्यंत तुम्ही वजनांना हात लावायचा नाही. पुढच्या खिडकीवर बसा, आलेला माल उतरवून घ्या." मी बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटत होती. हल्ली माझं असंच आहे, कुठलीही गोष्ट एकटी येत नाही.

मग नाना. ते माफ करतील असं मी मनात धरून गेले होते, आता कबूल करते. ते चांगले आहेत ना, म्हणून.

ते उभे राहिले. "दहा दिवस," म्हणाले, "दहा दिवस मी घराला कुलूप लावून परत जाऊन बघतोय लावलं का. गॅस बंद केला का म्हणून मध्येच उतरलोय. बायको माझ्या तोंडाकडे बघत बसते. आणि तुम्हाला माहीत होतं? मी तुम्हालाच येऊन विचारलं हो!"

"चुकलं, नाना."

"समारंभात मी रडलो होतो तुमच्यासाठी."

एवढं बोलून ते बाहेर गेले. कालही बोलले नाहीत, आजही नाही. पण आज दुपारी त्यांनी खणातून बिस्किटांचा पुडा काढला आणि टेबलावर फोडला. मला विचारलं नाही. मी खिडकीतून तिरप्या डोळ्याने बघत होते. त्यांनी खाल्लं, रुमालाने कण गोळा केले. मला तेवढं पुरलं.

घरी सांगणं सर्वांत कठीण गेलं. तुझे मेहुणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी जो कापूस काढून टाकायचो..."

"हो."

"दोन्ही वेळा?"

"हो."

ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याच्या बाटल्या भरायला लागले. घरातल्या सगळ्या भरल्या, भरलेल्या होत्या त्या ओतून पुन्हा भरल्या. तुझी भाची दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "मला वाटायचंच. कापसाला कधी रक्त नसायचं." म्हणजे पोरीला माहीत होतं आणि ती माझ्यासाठी गप्प राहिली. कुणाकडून शिकली, ते विचारायला नको.

नंतर ते बाहेर आले आणि म्हणाले, "मी रागावलोय. पण बुधवारी तपासणीला मी येतो." मी म्हटलं, दादा येतोय, तुम्ही नका येऊ. तुमच्यासमोर मला पुन्हा धीट व्हावं लागेल. ते "बरं" म्हणाले. खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दार उघडून विचारलं, "दादांना झोपायला कुठली गादी घालायची?"

माझं पत्र मिळताच तू पाठवलेला निरोप त्यांनी त्याआधीच वाचून दाखवला होता: "मी येतोय. शेजारच्या सीटवर बसेन. माझ्याकडे दुसरा ब्रेक असतो, पण दाबणार नाही. एक शब्द बोलणार नाही."

बोल रे. तू गप्प बसलास की तुझी शिकाऊ माणसं जास्त घाबरत असतील. मला काहीही विचार, फक्त "ठणठणीत ना" असं विचारू नकोस. डॉक्टरांना मी बोटांचं सांगणार आहे, आणि सकाळचंही: उठावंसं वाटत नाही ते. त्यासाठी वेगळ्या डॉक्टर असतात तिथे, दुसऱ्या मजल्यावर. पाटी मी कितीदा वाचली आहे, नेहमी लिफ्टचं दार बंद होताना.

रिपोर्ट लगेच येत नाही, दोन दिवस लागतात. तो काय येईल ते मला माहीत नाही. वाईट आला तर तू मला रागाव, पण मला दिलेलं हे रक्त फुकट गेलं असं म्हणू नकोस. चांगला आला तर लगेच पेढ्यांचं बघू नकोस. मला थोडा वेळ दे. आनंद मला उशिरा कळतो हल्ली, बोटांसारखाच.

अक्षर वाईट आहे ना? या वेळी गिरवलं नाही.

आपण त्या बँकेवरूनच जाऊ. थांबायचं नाही. तिथे तो पहारेकरी असेल, ओळख दाखवेल, त्याला हात कर.

उद्याचं काम: नंबर पुकारला की उठायचं.